जिन्यातली बेल

१२ मार्च

छोटू,

तुझा फोन लागत नाही. संघाच्या ऑफिसात लावला, तर एका बाईने फार गोड आवाजात सांगितलं की तुझा फोन चौकशीवाल्यांनी जमा करून घेतलाय आणि कुणाशी बोलायचं नाही असं वकिलांनी बजावलंय. बहिणीशीसुद्धा? तर म्हणे, सुद्धा. मग पत्र चालेल का विचारलं, तेव्हा तिला हसूच आलं बहुतेक. पत्राला कुणी मनाई केलेली नाही म्हणाली. तेव्हा तू क्रीडा वसतिगृहात असताना लिहायचो तसं पुन्हा सुरू करायचं. त्या वेळी निदान तू साबण आणि खाऊ मागायचास.

तीन दिवसांपूर्वी सकाळी मी दुकानाचं शटर उघडत होते. समोरचे शिंपीकाका पेपर घेऊन रस्ता ओलांडून आले. एरवी ते तुझं कौतुक वाचून दाखवायला येतात, म्हणून मी आधीच हसायला लागले होते. त्यांनी पेपर काउंटरवर ठेवला आणि काही न बोलता परत गेले. पहिल्याच पानावर तू. सायकल शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात रेषा ओलांडताना डावा हात उंचावलेला तो फोटो, जो आपण फ्रेम करून दुकानात लावलाय, तोच. खाली लिहिलेलं की हा विजेता उत्तेजकांची तपासणी चुकवत होता, वर्षात तीनदा. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. शब्द सगळे ओळखीचे, पण डोक्यात काही शिरेना. शटर तसंच अर्धवट उघडं राहिलं.

बाबांना त्या दिवशी सुट्टी, ते मागे वायरची बंडलं लावत होते. पेपर लपवावा असं मनात आलं, पण लपवून काय उपयोग, गल्लीभर तोच पेपर. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "डावऱ्या असं करायचा नाही." तेवढंच. बिस्किटांच्या कारखान्यातलं वायरिंगचं काम चालू आहे, तिथे पहाटे जातात, येतात, ताटावर बसतात, उठतात.

आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? तिसऱ्या वेळी तो तपासनीस म्हणे आपल्याच घरी आला होता. जानेवारीत, तू सुट्टीला आलास तेव्हा. सकाळी सहा ते सात दारात उभा होता आणि कुणी दार उघडलं नाही. अरे, तू घरातच होतास. माडीवर घोरत पडला होतास, मी साडेसातला चहा घेऊन आले तर पांघरूण डोक्यावर ओढून घेतलंस. मी कुठल्याही कोर्टात उभी राहून हे सांगेन. आलाच नसेल तो मेला. स्वतःच्या घरी झोपून राहिला आणि आता तुझ्या डोक्यावर खापर फोडतोय.

पत्रकारांनी उच्छाद मांडलाय. नशीब, जिन्याच्या दाराची बेल बंद आहे. कधी बंद पडली कोण जाणे, आपली सगळ्यांची ये-जा दुकानातून. बिचारे बेल दाबून दाबून थकतात आणि मग शटरवर थापा मारतात.

एवढंच लिही की हे सगळं खोटं आहे. तुझ्या अक्षरात हवंय. बाबांना दाखवायचंय.

ताई


१८ मार्च

तायडे,

हे सगळं खोटं आहे. घे, माझ्या अक्षरात लिहिलं. दाखव बाबांना.

इथे डोंगरातल्या एका लॉजवर आम्ही सरावाला आलोय. सराव मला बंद नाही, पण बाहेर पडलं की वळणावळणावर कॅमेरेवाले, म्हणून खोलीतच सायकल रोलरवर चढवून बसल्या जागी पाय मारतो. घाम निघतो, भिंत काही मागे जात नाही. परवापर्यंत जे माझ्यासाठी वारा अंगावर घेत पुढे राहायचे, ते जेवताना दोन खुर्च्या सोडून बसतात. त्यांचा राग नाही येत. त्यांनाही घरं आहेत.

नियम काय तो नीट सांगतो, म्हणजे शिंपीकाकांना सांगता येईल. आम्हाला रोजचा एक तास आणि एक पत्ता आधी कळवून ठेवावा लागतो. त्या तासात तपासनीस कधीही येऊ शकतो आणि रक्त, लघवी घेऊन जातो. तो फोन करत नाही. बेल वाजवतो, दार ठोकतो, तासभर थांबतो. आपण भेटलो नाही तर गैरहजर लिहितो आणि निघून जातो. वर्षात अशा तीन गैरहजेऱ्या झाल्या की उत्तेजक सापडल्यासारखीच शिक्षा. माझी पहिली विमान उशिरा आल्यामुळे लागली. दुसऱ्या वेळी हॉटेल बदललं आणि कळवायचं राहून गेलं. तिसरी आपल्या घरची.

तो आला होता, ताई. त्याने आपल्या दाराचा फोटो काढून ठेवलाय, त्यात आपली हिरवी पत्रपेटी दिसते. त्याने बेल वाजवली आणि दार ठोकलंही. पण त्या वेळी बाबा कामाला गेलेले, तू मागच्या अंगणात पाण्याची मोटर लावलेली, त्या घरघरीत ठोकलेलं कुणाला ऐकू जाणार? आणि बेल तर बंदच, तूच लिहिलंयस. मग माझी चूक काय?

वकील म्हणतात, बेल बिघडलेली होती असं घरमालकाने लिहून दिलं, आणि तो घरमालक परवाना असलेला इलेक्ट्रिशियन असला, तर तिसरी गैरहजेरी रद्द होते. दोन उरतात, दोन गैरहजेऱ्यांना शिक्षा नाही. नाहीतर दोन वर्षं बंदी आणि किताब परत. या वयात दोन वर्षं बाहेर बसलेल्याला कुणी संघात घेत नाही. म्हणजे संपलंच. सगळं बाबांच्या एका सहीवर येऊन थांबलंय.

बाबा आणि स्वतःच्या कामाला बिघडलंय म्हणणार, हे कसं व्हायचं ते मलाही कळतंय. मला वायर जोडायला शिकवताना ते माझ्या हाताकडे बघून कपाळावर हात मारायचे, या कार्ट्याचं सगळंच उलटं म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या हातचं काही बिघडलेलं मी पाहिलेलं नाही. पण वस्तूच ती, कधीतरी बिघडणारच. तू विचार. तू विचारलंस तर ते नाही म्हणणार नाहीत.

छोटू


२५ मार्च

छोटू,

तुझं पत्र बाबांना दिलं. पहिली ओळ वाचून झाल्यावर त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं, पुढचं वाचलंच नाही. त्या दिवशी ते नीट जेवले. म्हणून सहीचं मी अजून विचारलेलं नाही.

विचारू तरी कसं? त्या बेलला या घरात नावं ठेवायची सोय नाही. तुला आठवत नसेल, तू रांगत होतास. बाबांनी ती बसवली त्या दिवशी तिचा आवाज तीन घरांत गेला. शिंपीकाका स्वतःचं दार उघडून बाहेर बघायला लागले. आईने ती जरा कर्कश आहे म्हटलं, तर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आई गेल्यावर त्या दाराने येणारं कुणी उरलं नाही, तरी बटणावरची धूळ ते पुसतात.

म्हणून म्हटलं, आधी आपणच बघू काय बिघडलंय ते. किरकोळ असलं तर बाबांना सांगायला सोपं. काल ते कारखान्यात गेल्यावर जिन्यात स्टूल ठेवलं आणि बेलची डबी उघडली. छोटू, बेल बिघडलेली नाही. वायर जळलेली नाही, तुटलेली नाही, उंदराने खाल्लेली नाही. स्क्रू सैल करून वायर काढून ठेवलीय आणि स्क्रू परत जागेवर बसवलाय. आणि वायरच्या टोकाला टेप. टोक मागे दुमडून, वर तीन वेढे, आणि शेवटी टेपचं टोक स्वतःवरच चिकटवून सोडलेलं शेपूट. पुढच्या माणसाला सुरी न लावता सोडवता यावं म्हणून. हे शेपूट बाबा सोडतात आणि त्यांनी शिकवलंय म्हणून आपण दोघं सोडतो. चौथा माणूस मी पाहिलेला नाही.

मी स्टुलावर उभी राहून हसले आणि मग रडले. बाबांनी केलंय हे. तुला झोप मिळावी म्हणून. आठवतंय का, तू आलास तेव्हा किती दमला होतास? बाबा त्या दिवसांत रेडिओ लावत नव्हते, चपला हातात घेऊन जिना उतरायचे, मोटर उशिरा लाव म्हणून माझ्यावर दोनदा डाफरले, पाणी सहालाच येतं तरी. सकाळी उगाच कुणी येऊन बेल वाजवेल, पोराची झोपमोड होईल, म्हणून वायर काढून ठेवली असणार आणि मग विसरून गेले. स्वतःच्या हाताने त्यांनी तुझं हे करून ठेवलंय आणि त्यांना पत्ता नाही. कळलं तर ते सहन करतील असं मला वाटत नाही.

मी डबी होती तशी बंद करून ठेवलीय. काय करू ते लगेच कळव. एक मात्र बरं झालं. बेल खरंच बंद होती, आणि तू खरंच झोपला होतास. आता मला कुणी काही म्हणू दे.

ताई


३१ मार्च

तायडे,

तुझं पत्र वाचून मीही चकित झालो. हो, बाबांनीच केलं असणार. दुसरं कोण करणार.

पण हे कुणापाशी बोलू नकोस, त्यांच्याशी तर नाहीच. वकिलांना मी आडून विचारलं. घरातल्या कुणी मुद्दाम बेल काढून ठेवली असं दिसलं तर उलट होतं, तपासणी टाळण्याचा कट म्हणतात. बिघाड म्हणजे बिघाडच हवा. तेव्हा तू एवढं कर. ती टेप काढून टाक, वायर नुसती स्क्रूपाशी सैल लोंबत राहू दे. मग बाबांना दाखव की बघा, जोड सुटलाय. त्यांना आठवायचंही नाही आणि वाईटही वाटायचं नाही. ते लिहून देतील, सही करतील, आपण सुटलो.

यात खोटं असं काय आहे, बेल तर बंद होतीच. कागद एप्रिलच्या मध्यापर्यंत इथे पोचला पाहिजे. ताई, माझ्यासाठी एवढंच.

छोटू


७ एप्रिल

छोटू,

सोबत बाबांचा कागद आहे. सही, शिक्का, परवाना क्रमांक, सगळं बघून घे.

टेप मी काढली नव्हती. हात धजला नाही. बाबांना म्हटलं की बेल बंद आहे आणि तसं लिहून द्यायला तुझ्या वकिलांनी सांगितलंय. ते म्हणाले, आधी बघतो. डबी त्यांनी स्वतः उघडली. बघितली. मग खाली येऊन काउंटरवर बसून लिहिलं. काय लिहिलंय ते तू वाच.

बाबांची तब्येत बरी आहे. माझीही.

ताई


१९ एप्रिल

तायडे,

सुटलो.

पेपरात वाचलंच असशील, पण माझ्याकडूनही ऐक. सुनावणीच्या खोलीत लांबलचक टेबल, पलीकडे तीन जण, तिघांचे चेहरे दात दुखत असल्यासारखे. तपासनीसही होता. साधा माणूस निघाला, माझ्याकडे बघून नमस्कार केला. वकिलांनी बाबांचा कागद मोठ्याने वाचला. "बेल मी बसवली होती. जोड माझ्या हातचा होता. तो कच्चा राहिला आणि सुटला. यात माझ्या मुलाचा काही दोष नाही. चूक माझी आहे." इलेक्ट्रिशियनच्याच घरची बेल बंद, म्हणून टेबलापलीकडचा एक जण हसला, मग सगळेच हसले, मीही. तिथून हवाच बदलली. तिसरी गैरहजेरी रद्द, किताब माझा, बंदी नाही.

संघाने त्याच दिवशी पुढच्या मोसमाचा करार केला. परवापासून सगळे माझ्या शेजारच्या खुर्चीसाठी भांडतायत. फोनही परत मिळाला, पण तुला पत्रच लिहावंसं वाटलं. आता सवय झाली ना.

बाबांना सांग, तुमच्या एका कागदाने मला वाचवलं. मे महिन्यात येतो, मग गल्लीला काय जेवण घालायचं ते तू ठरव. आणि तुझं मागचं पत्र इतकं तुटक का होतं? रागावलीस का कशावर?

छोटू


२ मे

छोटू,

तू मला फोन केलास, मी उचलला नाही. बोलता आलं नसतं.

तुझं पत्र बाबांनी मला मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. "मग सगळेच हसले, मीही" ही ओळ मी गाळली.

आता त्या दिवशी काय झालं ते ऐक. बाबांनी मला तुला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. इतके दिवस मी त्यांचं ऐकलं. आता ऐकवत नाही.

बाबा स्टुलावर चढले. मी खाली बॅटरी धरून उभी. माझ्या मनात एकच भीती, आता त्यांना आठवणार की वायर आपणच काढली होती. त्यांनी डबी उघडली. टेपचं शेपूट बोटाने चाचपलं आणि टेप सोडवायला लागले. सरळ डावीकडून. आधी उजवीकडून सोडवून बघितलीसुद्धा नाही. छोटू, मी टेप गुंडाळते ती उजवीकडे, बाबा गुंडाळतात ती उजवीकडे, डावखुरा फक्त तू. लहानपणापासून तुझ्या हातचा प्रत्येक जोड त्यांना उलट्या बाजूने सोडवावा लागला आणि प्रत्येक वेळी त्यांनी तुला शिव्या घातल्या. त्यांच्या बोटांना तुझा हात माहीत आहे. मी दहा-बारा दिवस आधी तीच टेप बघून बाबांच्या प्रेमाने रडले होते, मला ते दिसलं नव्हतं. त्यांची बोटं उलटी फिरायला लागली आणि माझ्या पायाखालचा जिनाच गेला.

दोन वेढे सोडवून ते थांबले. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं, की आपली बोटं काय करतायत. मग त्यांनी टेप पुन्हा होती तशी गुंडाळली, उलटीच, खाली उतरले आणि म्हणाले, "सहीच ना? दे."

मी म्हटलं, बाबा, नका लिहू. ते लिहीत राहिले. लिहून झाल्यावर म्हणाले, "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. घरी यायला लाजेल."

त्यांना तुझ्या किताबाची काळजी नव्हती रे. तू घरी येशील की नाही याची होती.

पुढचंही ऐक. त्यांचा कागद पेपरात छापून आला आणि चौथ्या दिवशी कारखान्याने काम थांबवलं. दुसरा माणूस बोलावून बाबांचे सगळे जोड तपासले. एकही कच्चा निघाला नाही. तरी काम गेलंच. मॅनेजर चांगला माणूस, म्हणाला, काका, तुम्हीच लिहून दिलंत, आता आमच्या मालकांना मी काय सांगू. बाबा म्हणाले, बरोबर आहे तुमचं, आणि हत्यारांची पिशवी घेऊन घरी आले. शेजारची मुलं येता-जाता बेल दाबून पळतात. वाजत नाही म्हणून हसतात. बाबांनी ती अजून जोडलेली नाही. या घरातलं काही बंद पडलं आणि त्यांनी ते उद्यावर टाकलं, असं मी पहिल्यांदा बघतेय.

तुला माहीत होतं बाबा पाचला निघतात. तुला माहीत होतं मी सहाला मोटर लावते. मी चहा घेऊन आले तेव्हा तू जागा होतास का रे? पांघरुणाखाली? आणि "बाबांनीच केलं असणार" असं तू लिहिलंस. मी भोळेपणाने तुझ्या हातात दिलं आणि तू घेतलंस. टेप काढून टाक म्हणालास. ते पत्र मी बाबांना दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. पण ते मी रोज काढून वाचते, कारण मला अजूनही खरं वाटत नाही की ते तुझं अक्षर आहे.

काय घेतलं होतंस? कधीपासून? दुकानात टांगलेला तो फोटो मी काढायचा की ठेवायचा? बाबा अजून रोज त्याची काच पुसतात. ते तुला काही विचारणार नाहीत. मी विचारतेय.

ताई


११ मे

ताई,

जागा होतो. त्याने बेल दाबली तेव्हाही आणि दार ठोकलं तेव्हाही. माडीच्या खिडकीतून मला त्याची टोपी दिसत होती. थंडी होती, तो हातावर हात चोळत होता. मी सात वाजायची वाट बघत होतो.

आदल्या दिवशी सरावाला म्हणून बाहेर पडलो, तेव्हा संघाच्या डॉक्टरने रक्त वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं. उद्या दुपारपर्यंत अंगातून जाईल, सकाळी कुणी आलं तर दार उघडू नकोस म्हणाला. त्याच संध्याकाळी तुम्ही दोघं खाली दुकानात असताना मी वायर काढली. टेप लावायची काही गरज नव्हती. पण उघडी वायर सोडता येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी संघाची गाडी आली, निघायच्या गडबडीत परत जोडायची विसरलो.

कधीपासून ते विचारलंस. किताब जिंकला त्याच्या आधीच्या मोसमापासून. तो फोटो काढून ठेव. हात वर केला होता तेव्हाही ते अंगात होतं. मला वाटायचं, पाय तर माझेच आहेत, चढ तर मीच चढलो. तसं वाटून घ्यायला फार वेळ लागत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी सरावाला निघालो होतो. हेल्मेट घालून दारात उभ्या उभ्या वाचलं. बाबांची बोटं उलटी फिरली इथपर्यंत आलो आणि खाली बसलो. सुनावणीच्या खोलीत सगळ्यांबरोबर मी हसलो होतो, ताई. बाबांना तेव्हा सगळं माहीत होतं आणि मी हसत होतो.

काल सुनावणी घेणाऱ्या मंडळाकडे गेलो. वकिलांना नेलं नाही, ते दुपारपासून फोनवर ओरडतायत. करार गेला, किताबही जाईल, उद्या पेपरात येईल. पुन्हा पहिलं पान असेल, बाबांना आधीच सांगून ठेव. शिंपीकाकांनाही तूच सांग. मी तिथे काय लिहून दिलंय ते खाली उतरवतो. बाबांना ते त्यांच्या चष्म्याने वाचू दे, तू वाचून दाखवू नकोस.

"माझ्या घराच्या जिन्यातली बेल माझ्या वडिलांनी बसवली होती. ती कधीही बिघडलेली नव्हती. त्यांच्या हातचा कुठलाही जोड आजवर सुटलेला नाही. ती बेल मी काढली."

याची एक प्रत मी कारखान्याच्या मॅनेजरलाही पाठवलीय. काम परत देतील की नाही माहीत नाही.

रविवारी येतोय. दुकान बंद असेल. किल्ली माझ्याकडे आहे, पण मी ती वापरणार नाही. सकाळी सहा वाजता जिन्याच्या दाराशी येऊन बेल दाबीन. वाजणार नाही हे मला माहीत आहे. तू नेहमीसारखी मोटर लाव, दार उघडायला येऊ नकोस. बाबांना फक्त सांग की मी आलोय, मग त्यांना वाटेल ते करू दे. मी ठोकणार नाही, हाक मारणार नाही.

सातपर्यंत थांबेन.

छोटू